तांबडं हाय का बघ

जयसिंग कुरणेला दिसायचं कमी झालंय, हे मला कळायला एक मरळ लागली. वीस वर्षं आठवड्यातनं एकदा तरी ज्याच्या मांडीला मांडी लावून पाण्याकडं बघत बसलो, त्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते मला दिसलं नाही. ह्या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि राग आला की माझा आवाज चढतो. तेवढं सांभाळून घ्या.

मी नृसिंह. शिवाजी पेठेत माझं छत्र्या, स्टोव्ह आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. डोक्यानं मी भडक. फुटबॉलच्या मॅचला आमच्या तालमीच्या संघाची पोरं मला पहिल्या ओळीत बसू देत नाहीत, कारण दोनदा मी मैदानात उतरून पंचाला नियम समजावून सांगितलेत. अशा माणसानं तासन्तास गळ टाकून गप बसावं, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. त्यात आम्ही शाकाहारी. मासा धरायचा आणि खायचा नाही, मग धरायचा कशाला, असं माझी बायको विचारते. मला उत्तर येत नाही, म्हणून मी चिडतो.

ह्या नादाला मला लावलं जयसिंगनं. एका पावसाळ्यात तो दुकानात आला आणि म्हणाला, "पावणं, मोडक्या छत्रीच्या काड्या हाईत का?"

"कशाला?"

"मासं धरायला."

मला वाटलं माणूस टिंगल करतोय. मी म्हटलं, "छत्रीनं मासं धरणार काय?" तर त्यानं शांतपणे काउंटरवर बोटानं चित्र काढून दाखवलं. मरळीला दात असतात. नायलॉनचा दोर ती कचकन तोडते. म्हणून गळ आणि दोर ह्यांच्यामध्ये वीतभर पोलादी काडी लावायची. बाजारात तार मिळते, पण ती वाकली की वाकडीच राहते. छत्रीची काडी वाकून परत सरळ होते. तीस वर्षं छत्र्या दुरुस्त करून ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पुढच्या रविवारी मी त्याच्या स्कूटरवर मागं बसून कसबा बावड्याला गेलो तो गेलोच.

जयसिंग साखर कारखान्यात टर्नर होता. लेथवर उभा राहून त्याची सदतीस वर्षं गेली. इंचाचा हजारावा भाग कमी-जास्त झाला तरी त्याच्या बोटाला कळायचं, असं त्याचे जोडीदार सांगतात. रिटायर होताना लोक घड्याळ घेतात, ह्यानं कारखान्याच्या भंगारातला पितळेचा एक तुकडा रीतसर अर्ज करून मागून घेतला आणि त्याचं गळाचा दोर गुंडाळायचं रीळ बनवलं. ते रीळ फिरवलं तर आवाज येत नाही. हल्लीच्या पोरांची रिळं जपानहून येतात आणि सहा महिन्यांत खरखरायला लागतात. जयसिंगच्या रिळाला वर्षातनं एकदा शिलाई मशीनचं तेल लागतं, बास.

त्याचं आमिष वेगळं, त्याची पद्धत वेगळी, आणि प्रत्येक माशाला तो वेगळा माणूस होऊन भेटायचा. रोहूसाठी तो गोळा मळायचा, तो बघण्यासारखा असे. शेंगपेंड तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायची, त्यात मूठभर कणीक, नखाएवढा हिंग, आणि पाण्याऐवजी गुऱ्हाळातली ताजी काकवी. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ झाला पाहिजे. जास्त मऊ झाला तर बारकी चिलापी मासळी येऊन कुरतडून जाते आणि रोहू येईपर्यंत गळ मोकळा. पाण्यावर तरंगणारा बोया म्हणून मोरपिसाचा देठ. रोहू आमिष गिळत नाही, चोखतो. बोया नुसता थरथरला की उचलायचं. बुडायची वाट बघत बसलास की रोहू गेला.

नदीवर बंधाऱ्याखाली ओढ असते, तिथं चमचा. खराखुरा, स्वयंपाकघरातला. दांडा कापायचा, वाटीला दोन भोकं, एकीकडं दोर, एकीकडं गळ. ओढला की लखलखत, डुलत येतो आणि मोठ्या मिशाळ माशांना वाटतं जखमी मासोळीच चाललीय. मीनाबाई, म्हणजे जयसिंगची बायको, मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, लग्नात बारा चमचं आलतं. आता पावणं आलं की पोहं आम्ही उलथन्यानं खायाचं."

पण जयसिंगचा जीव होता तो मरळीत, आणि मरळीसाठी त्याच्याकडं चामड्याचा बेडूक होता. असे बेडूक आता रबराचे मिळतात, हिरवेगार, डोळेबिळे काढलेले. जयसिंगच्या बेडकाला डोळे नव्हते. पोटात पांगाऱ्याच्या लाकडाचा हलका तुकडा, वरून जुन्या कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्याचं चामडं, करडईच्या तेलात दोन दिवस मुरवलेलं. मागं दोन चिरलेल्या पट्ट्या, ते पाय. दोन गळ पाठीला चिकटून वर तोंड केलेले, म्हणजे जलपर्णीत अडकत नाहीत. असे तीन बेडूक होते, थोरला, मधला आणि धाकटा. थोरल्याच्या अंगावर दातांच्या इतक्या खुणा होत्या की चामडं खरवडल्यासारखं झालं होतं, आणि जयसिंग म्हणायचा, खुणा जेवढ्या जास्त तेवढी मरळ त्याला जास्त ओळखते. हे मला कधी पटलं नाही, पण मासा त्यालाच लागायचा.

बेडूक जलपर्णीवर टाकायचा, सरकवत मोकळ्या पाण्यात आणायचा, टप्, आणि थांबायचं. मग हलकी टिचकी. परत थांबायचं. मरळीनं झडप घातली की हिसका द्यायचा नाही, हे सगळ्यात अवघड. तिला बेडूक नीट तोंडात घेऊ द्यायचा. किती वेळ? जयसिंगचं माप ठरलेलं होतं. मनात सावकाश म्हणायचं, जयसिंग रामा कुरणे, मुक्काम कसबा बावडा, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. जिल्हा झाला की हिसका. मला म्हणायचा, "तुजं नुसतं 'नृसिंह' हुईस्तवर हात वर जातोय. पत्ता सांग की मर्दा मरळीला. येऊ दे तिला घरापतोर." वीस वर्षांत मी पेठेच्या पुढं कधी गेलो नाही. माझी सगळ्यात मोठी मरळ दीड किलोची.

आता त्याचा नियम सांगतो, कारण सगळं पुढं त्यावरच आलं.

श्रावण-भाद्रपदात मरळीची पिल्लं बाहेर पडतात. हजारभर तरी, तांदळाएवढी, शेंदरी-तांबडी, आणि सगळी एका जागी घोळका करून फिरतात. वरून बघितलं तर गढूळ पाण्यात ताटाएवढा तांबडा डाग दिसतो. आम्ही त्याला नुसतं 'तांबडं' म्हणतो. डागाच्या खाली आई-बाप फिरत असतात. त्या तांबड्यात काहीही टाका, बेडूक टाका नाहीतर चप्पल टाका, मरळ झडप घालणारच. भुकेनं नाही, रागानं. दुधखुळ्या माणसालाही त्या दिवसांत पाच किलोची मरळ धरता येते.

जयसिंग धरायचा नाही. पंचविशीत त्यानं एकदा धरली होती. बावड्याच्या पुढं उसात एक जुनी खण आहे, वीटभट्टीची माती काढून झालेली, पाण्यानं भरलेली, तिथंच सकाळी एका तांबड्यावरची जोडी त्यानं उचलली. दुपारी विसरलेला डबा घ्यायला परत गेला आणि बघत बसला. "सकाळी ताटभर हुतं," तो सांगायचा, "दुपारी वाटीभर. चिलापी खालनं, बगळं वरनं. सांजंला पाणी कोरं." ह्यापेक्षा जास्त तो बोलायचा नाही. कुणी वाद घातला तर एवढंच म्हणायचा, "आईवरनं शिवी दिली की माणूस अंगावर येतंय. तसं हाय ते. त्याला धरणं म्हंजे मासं धरणं न्हवं." मीनाबाई पौर्णिमेला विहारात जातात, त्या दिवशी त्याचा गळ भिंतीवर. आणि तांबड्यावरची मरळ कायमची माफ.

हल्ली पोरं मुद्दाम तांबडं शोधतात. मोबाईल लावून ठेवतात, झडपेचा व्हिडिओ छान येतो म्हणून. अशा दोघांशी मी एकदा हातघाईवर आलो होतो. जयसिंगनंच मला मागं ओढलं.

तर आता त्याचे डोळे. मागं वळून बघितलं की सगळं उघड्यावर पडलेलं होतं आणि मी ते ओलांडून चालत होतो. तीन वर्षांपूर्वी त्यानं बोया लावून मासे धरायचं सोडलं. म्हणाला, "रोहू काय, कोणबी धरतंय. आता मरळच." मला वाटलं ह्याला चढली. मग स्कूटर विकली. म्हणाला पेट्रोल परवडत नाही, आणि मी त्याला माझ्या गाडीवरनं न्यायला लागलो. खणीच्या उतारावर तो माझ्या मागं मागं, माझ्या पावलावर पाऊल टाकून यायला लागला. मी म्हटलं, "तुला रस्ता ठावा न्हाय व्हय?" तो हसला. एकदा मी पुढं केलेला चहा त्याच्या हाताला लागून सांडला. मी त्याला धांदरट म्हटलं. हे आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मासे मात्र तो धरतच होता. ते कसं, हे कळायला मला उशीर लागला. मरळीला हवा लागते. ती दर थोड्या वेळानं वर येते, तोंड उघडून हवा घेते आणि खाली जाते. गाल फुगवून बोटानं दाबल्यावर येतो तसा आवाज होतो, गप्. माझ्या कानाला तो पाण्याच्या इतर आवाजांत मिसळून जायचा. जयसिंग मान जराशी कलती करायचा आणि बेडूक बरोबर तिथं जाऊन पडायचा. मी म्हणायचो, काय नजर आहे ह्या म्हाताऱ्याची.

मग ती सकाळ आली, तिला आता दोन वर्षं झाली. गणपती येऊन गेले होते आणि ऊन पडलं होतं. सकाळी आठच्या सुमाराला आम्ही त्याच भट्टीच्या खणीवर होतो. मी डावीकडं बसलो, जयसिंग उभा. गप् झालं, एवढं मोठं की मलाही ऐकू आलं. मी बघितलं, तर जलपर्णीच्या कडेला, पंधरा हातांवर, तांबडं. चांगलं ताटाएवढं. पिल्लं खालीवर होत होती तसा डाग उकळल्यासारखा हलत होता.

जयसिंगनं गळाची काठी उचलली. मला वाटलं पलीकडं टाकणार. थोरला बेडूक हवेत गेला आणि बरोबर तांबड्याच्या मध्यावर पडला.

आता खरं सांगतो, कारण खोटं बोलून ह्याआधी भागलेलं नाही. मला ओरडता आलं असतं. बेडूक पडला आणि मरळ आली ह्याच्या मध्ये दोन-तीन सेकंद होते, 'ओढ' एवढं म्हणायला पुरेसे. मी गप बसलो. का, तर मला बरं वाटलं. वीस वर्षं ज्यानं मला थांब, पत्ता सांग, तांबडं सोड, असं शिकवलं, त्याचाही हात एकदा घसरला म्हणून आतल्या आत मला गुदगुल्या झाल्या.

पाणी फुटलं. जयसिंगचे ओठ हलले, जिल्ह्यापर्यंत गेले, आणि काठी वाकली. पाच मिनिटं झटापट झाली. मरळ काठावर आली तेव्हा चार किलोच्या पुढंच असेल, काळीभोर, पोटाखाली पांढरे ठिपके. जयसिंगचा चेहरा असा झाला होता की पोरगी झाल्याचे पेढे वाटतोय. आणि माझं तोंड सुटलं.

"झालं समाधान? चाळीस वर्सं लोकांस्नी अक्कल शिकीवलीस. त्या पोरांच्या अंगावर मला धावून जाऊ दिलं न्हाईस, आणि आज सोता तांबड्यात टाकलास?"

"काय केलं मी?"

"तांबड्यात टाकलास की. अजून हाय ते तिथं, बघ."

त्यानं पाण्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "कुठं हाय तांबडं?"

"ते काय, समोर."

तो बघत होता ते समोर नव्हतं. तांबड्याच्या चांगलं चार हात उजवीकडं, मोकळ्या पाण्याकडं डोळे ताणून तो बघत होता, आणि मान हळूहळू फिरवत होता, काळोखात भिंतीवर बटण चाचपतात तशी. ह्याला दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यानं चाचपून मरळ दोन्ही हातांत उचलली. 

"नरसू," तो म्हणाला, "मला न्हे तितं. जितनं धरली तितं सोडाय पायजे."

मी त्याचा कोपर धरला. वीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही गुडघाभर चिखलात उतरलो. गळ त्यानं बोटांनीच काढला, डोळे मिटून, ओठ न फाडता. मरळ पाण्यात सोडली तशी ती क्षणभर त्याच्या तळव्यावरच थांबली आणि मग शेपटीचा फटका देऊन गेली. कुठं गेली ते मला दिसलं नाही.

आम्ही काठावर येऊन बसलो. पिल्लं विस्कटली होती. ताटाचं परातभर झालं होतं, फिकट, कडेनं तुटलेलं, आणि त्या कडांवर चिलापी टपटप तोंडं मारत होत्या. आठ दिवसांपूर्वी ह्याच खणीतली एक मोठी मरळ पोरांनी धरून फोनवर फिरवली होती, ते मला आता आठवलं. जोडीतली उरली असली तर हीच. एक बगळा आला. मी ढेकूळ मारलं. दुसरा आला, त्याला शिव्या घालत मारलं. हात दुखेस्तोवर मी ढेकळं मारत होतो.

"आली का?" जयसिंग विचारायचा.

"न्हाय."

थोड्या वेळानं परत, "आली का?"

"न्हाय अजून."

तो गुडघ्यांत मान घालून बसला होता. मला म्हणाला, "आली न्हाय तर हे घरात ठेवायचं न्हाय," आणि काठीकडं हात केला. पाचव्यांदा त्यानं विचारलं तेव्हा मला त्याच्याकडं बघवेना. मी म्हटलं, "आली."

"कुठं?"

"तिथंच. तांबड्याखाली. वर येऊन तोंड दाखवून गेली."

 त्यानं मान वर केली. "नरसू, मरळ वर आली की आवाज येतोय. मला आला न्हाय."  तो पुढं म्हणाला, "डोळं गेलं तर मी भागवीन. कान हाईत, बोटं हाईत. पर तूच खोटं सांगाय लागलास, तर मी कुणाच्या डोळ्यानं बघू?"

 पेठेत कुणी मला असं बोललं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. तिथं मी खाली बघून ओला चिखल उकरत बसलो. अर्धा तास गेला असेल.

गप्.

जयसिंगचं बोट वर गेलं. "आता आली."

मी बघितलं. परातीच्या कडा आत ओढल्या जात होत्या. चिलापी सर्रकन पांगल्या आणि तांबडं पुन्हा घट्ट व्हायला लागलं. पूर्वीएवढं नाही, लहान ताटलीएवढं. पण होतं. मी म्हटलं, "व्हय. आली." जयसिंगनं टोपी काढून तोंड पुसलं, आणि ते बराच वेळ पुसत राहिला.

परत येताना गाडीवर मागं बसून त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी डोळे तपासणीच्या एका शिबिरात डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता आणि थेंब दिले होते. ह्यानं महिनाभर घातले. डोळे चुरचुरायचे आणि दिसायचं तेवढंच. "थेंबानं उजेड वाढंना, मग कशाला घालू?" म्हणून बंद केले. डोळ्यांचं सांगितलं तर खणीवर कोण जाऊ देणार, म्हणून कुणाला सांगितलं नाही. "तुज्या वहिनीस्नी बोलू नको," म्हणाला.

मी दारातच बोललो. गाडी स्टँडवर लावायच्या आधी. माझा आवाज गल्लीभर गेला असणार.

मीनाबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. दोन वर्सं झाली, चहाचा कप मी ह्येंच्या हातातच देतो. खाली ठेवत न्हाय."

"मग गप का बसलासा?"

"तुमी बरुबर असता न्हवं भाऊजी. म्हटलं, तुमी बघतासा."

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी सांगितलं, एका डोळ्यात जवळजवळ काही उरलेलं नाही, दुसऱ्यात नळीतनं बघितल्यासारखं आणि तेही धुरकट. गेलेलं परत येत नाही. थेंब उजेड वाढवायला नसतात, आहे तेवढा टिकवायला असतात, एक दिवसही चुकवायचे नाहीत. ही एक ओळ शिबिरात कुणी नीट समजावून सांगितली असती तर. पण मी कुणाला बोलू, मी तर शेजारी बसलो होतो.

जयसिंगनं काठी भिंतीवर टांगली आणि बेडकांचा डबा माझ्याकडं पाठवून दिला. मी महिनाभर तो डबा उघडला नाही. मग एका रविवारी तो घेऊन गेलो आणि म्हटलं, "चल."

"मला तांबडं दिसत न्हाय."

"मला दिसतंय."

"तवाबी तुला दिसलं हुतं," तो म्हणाला. "पडल्यावर बोललास. टाकायच्या आधी बोलला न्हाईस." त्याच्या आवाजात राग नव्हता. महिनाभर त्यानं हेच मोजलेलं दिसत होतं.

तेव्हा मी सांगितलं. मला बरं वाटलं होतं, तू एकदा चुकलास म्हणून, एवढंच. मीनाबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी मान वळवली नाही. आयुष्यात मी बायकोजवळसुद्धा इतकं खाली उतरून बोललो नव्हतो. जयसिंग ऐकून घेत होता, मान कलती करून, खणीवर ऐकायचा तशी. मग उठला, भिंतीवर हात फिरवत काठी शोधली आणि उतरवली. "हे सांगितलंस ते बरं झालं," म्हणाला. "थेंब घालून येतो. थांब."

तेव्हापासून आमची रीत बदलली. टाकायच्या आधी तो विचारतो, "तांबडं हाय का बघ." मी उठून उभा राहतो, डावीकडून उजवीकडं सगळं पाणी बघतो, आणि सांगतो. घाई करत नाही. आणि माझ्यासारख्या माणसानं घाई न करणं म्हणजे काय, ते आमच्या पेठेत विचारा.

यंदाच्या श्रावणात आम्ही पुन्हा भट्टीच्या खणीवर होतो. सकाळभर काही लागलं नव्हतं. परतायची वेळ झाली आणि गप् झालं. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, पाण्यात घागर उपडी व्हावी तसा. जयसिंगचं सगळं अंग ताठ झालं. "सात किलो," तो हळूच म्हणाला. "जास्तच. असली मी उभ्या जल्मात धरली न्हाय." त्याचा डोळा आता आणखी मंदावलाय. पुढच्या श्रावणात इथवर येणं होईल का, हे त्याला माहीत नाही, मलाही नाही. हात रिळावर होता आणि थोरला काठीच्या टोकाला डुलत होता.

"तांबडं हाय का बघ."

मी बघितलं. जलपर्णीच्या पलीकडं, पाण्याच्या रंगात जवळजवळ मिसळून गेलेलं, ताटाएवढं. मी बोललो नसतो तर त्याला कधी कळलं नसतं. त्यानं विचारलं होतं ते माझ्याकडं न बघता, पाण्याकडं तोंड करून.

"हाय," मी म्हटलं. "तांबडं हाय."

त्यानं काठी खाली ठेवली. लगेच, जरासुद्धा न घुटमळता. दोर गुंडाळला, बेडूक डब्यात ठेवला, खाली बसला आणि डबीतनं तंबाखू काढून मळायला लागला.

"केवढं हाय?"

"ताटाएवढं. चांगलं भरलेलं."

"रंग कसा हाय?"

"कडंला शेंदरी. मधी गडद."

"मग आठ दिसाची असतील," तो म्हणाला, आणि माझ्याकडं सरकून बसला. "सांग की. काय करत्यात?"

मी सांगत बसलो.